ओल्या चिखलाची साक्ष

भात संशोधन केंद्राच्या प्रयोगशाळेत मावशींनी बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, पण त्यांचा जीव अडकला होता चार नंबरच्या वाफ्यात. तिथे रासायनिक खत निम्मंच पडायचं, बाकी शेणखत, आणि ते मावशी स्वतःच्या हातांनी पसरायच्या. शेजारच्या तीन नंबरात नुसतं रासायनिक खत, पुरेपूर. जाऊबाई नाक मुरडायची, "नोकरी प्रयोगशाळेत, आणि हिच्या नखांत शेण." मावशी म्हणायच्या, "वास येतो ना, मग लांब बस."

मग नवे साहेब आले. हुशार हो, पण डोकं कायम पुस्तकात. त्यांनी दोन्ही वाफ्यांची माती तपासली. पिकाला मिळण्याजोगं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जितकं जास्त, तितका नळीत निळा रंग गडद. दोन्ही नळ्या सारख्याच फिक्या निघाल्या. झालं! साहेबांनी ठरवून टाकलं, शेणखताचा खटाटोप फुकट, चार नंबर बंद, तिथे गाड्या लावायला जागा. सोमवारी कागद वर जाणार.

मावशींच्या कानावर हे आलं. पण बाई खमकी, रडत बसणाऱ्यांतली नव्हे. त्यांनी वाळवणाचे ट्रे पाहिले. वाफ्यातून काढताना राखाडी असलेला चिखल चार दिवसांच्या उन्हात विटकरी झाला होता.

"साहेब, ही माती वाळवलीत कशाला?"

"नियमच आहे तसा."

"गव्हाच्या मातीचा असेल. भात पाण्यात उभा असतो. मातीतल्या लोखंडानं धरून ठेवलेलं स्फुरद पाण्याखाली सुटतं, शेणखत असलं की जास्तच. वाळवलंत की लोखंड पुन्हा मूठ आवळतं. जुने साहेब ओलाच चिखल तपासायचे."

"मावशी, तुम्ही नळ्या धुवा."

दुसरी कुणी असती तर मान खाली घालून गेली असती. मावशी बाह्या सरसावून वाफ्यात उतरल्या. दोन्हीकडचा चिखल बरण्यांत काठोकाठ भरून, झाकणं घट्ट लावून त्यांनी त्या थेट साहेबांच्या कागदांवर ठेवल्या.

"हातच्या काकणाला आरसा कशाला? ओलाच तपासा. मी चुकले, तर चार नंबरवर पहिलं फावडं मी मारते."

साहेब कुरकुरत उठले. चिखलातल्या पाण्याचा हिशेब धरून त्यांनी वजन घेतलं, द्रावण ओतलं. तीन नंबरची नळी जरा निळी झाली. चार नंबरची निळी झाली, मग आणखी गडद, मग इतकी गडद की पलीकडची खिडकी दिसेना. साहेबांनी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तर वाफ्याच्या बांधावरून वाकून चिखलही स्वतः काढून आणला. रंग तोच.

"निम्म्या खतात?" ते पुटपुटले.

"निम्म्या खतात," मावशी म्हणाल्या. झालेला आनंद त्यांनी लपवला नाही.

साहेबांनी बंदचा कागद टराटरा फाडला. "पाच आणि सहा नंबरलाही शेणखत घालू. पसरायचं कसं, मला शिकवाल?"

मावशींनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"आधी बूट काढा."

साहेबांनी काढले.