सोयरिकीतला फोटो

आमच्याकडे सोयरीक मोडली की वस्तू परत करायची रीत आहे. चार माणसं बसतात, साडी, अंगठी, पैंजण ज्याचं त्याला जातं, आणि एकमेकांची तोंडं फार वेळ बघायला नकोत म्हणून चहासुद्धा पोळत पोळत पिऊन होतो. माझी सोयरीक मोडली तेव्हा सगळं परत आलं. माझा एक फोटो तेवढा त्याच्या मोबाईलमध्ये होता, आणि तो परत मागायची रीत अजून कुणी काढलेली नाही.

फोटो कसला, ते सांगूनच टाकते. न्हाऊन आल्यावरचा, अंगावर पुरते कपडे नसलेला. साखरपुडा झाल्यापासून तो रोज मागायचा. "आता आपण नवरा-बायकोच की," म्हणायचा, आणि नाही म्हटलं की फुगून बसायचा. शेवटी एकदा पाठवला. नवरा होणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

मुलगा पाथर्डीकडचा, सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीत आहे, तिथेच खोली करून राहतो, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. माझा मामा टेम्पोवर असतो. सुप्याला माल घेऊन गेला असताना त्याने गेटवर सहज चौकशी केली, तर जावईबापूंनी नोकरी केव्हाच सोडलेली. स्वतःच्या आईलाही पत्ता लागू दिला नव्हता. वडिलांनी त्याच संध्याकाळी फोन करून सोयरीक मोडली. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी त्याने मला माझाच फोटो पाठवला. खाली एक शब्द नाही.

धमकी दिली असती तर कुणाला दाखवता तरी आली असती. हे दाखवायचं म्हणजे फोटोच दाखवायचा. कोपरगावात एका लॅबमध्ये मी तेव्हा रक्त घ्यायचं काम करायचे. बाकावर बसलेले पेशंट मोबाईलमध्ये बघून हसले की मला वाटायचं, माझाच फोटो बघतायत. घरी कुणाचाही फोन वाजला की मी फोन घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. शेवटी मी आईला म्हटलं, "मी त्याच्याशीच लग्न करते."

"येड लागलं का तुला? त्या खोटारड्याच्या घरात नांदनार व्हय?"

नांदले असते. एवढी घाबरले होते मी.

वस्तू परत करायला त्याची आई, चुलता आणि मध्यस्थ आले. तो आला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इकडचं तिकडे झालं, चहा झाला, आणि मध्यस्थ उठता उठता म्हणाला, "झालं तर मग. कुनाचं कुनाकडं काई ऱ्हायलं न्हाई ना?"

"न्हाई, न्हाई. फिट्टंफाट," वडील म्हणाले.

"राहिलंय," मी म्हटलं. "माझा फोटो."

त्याची आई पिशवी चाचपत म्हणाली, "बायोडाट्याचा फोटू दिला की माय. त्या पाकिटात हाय."

"तो नाही. त्याच्या मोबाईलमधला."

वडिलांकडे बघायची माझी छाती होईना. सगळ्यात आधी उमगलं ते त्याच्या आईला. तिने तिथेच बसल्या जागी मुलाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ह्या पोरीचा कसला फोटू हाय तुज्याकडं?"

"डिलीट केला मी. कवाच."

"तुज्या भनीची आन घेऊन सांग."

मग तो म्हणाला, "आये, दोगांनाच पाठवलाय गं. तिच्या वळखीचे न्हाईत ते. लांबचे हायेत."

हे सांगून आपण धीर देतोय, असं त्याला वाटत असावं. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. वडील उठले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यांनी पायात चपला घातल्या आणि म्हणाले, "चल. पोलिसात जाऊ."

तक्रार झाली, त्याचा मोबाईल जप्त झाला, प्रकरण अजून चालू आहे. पण तोवर त्याने सगळं पुसून टाकलं होतं, आणि ते दोघं कोण असं विचारलं की आठवत नाही म्हणतो. वडिलांनी मला आजतागायत एका शब्दानेही दोष दिलेला नाही. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. भीती मात्र त्यांनाही काढता येत नाही.

आता मी पुण्यात नोकरी करते. सुटीला जाता-येता एसटी सुप्याला थांबते, त्याच्या जुन्या कंपनीकडची, शिफ्ट सुटलेली माणसं चढतात, आणि मी स्कार्फ डोळ्यांपर्यंत ओढून घेते. परवा एकजण माझ्या शेजारी बसला. बसताना त्याने माझ्याकडे बघितलं, जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, खिडकी लावता का? धूळ येतीय."

एवढंच. चांगला, घरंदाज माणूस असेल तो. मी पिशवी उचलली, कंडक्टरला बेल मारायला लावली आणि भर उन्हात रस्त्यावर उतरले. त्या दोघांनी मला पाहिलंय. मी त्यांना पाहिलेलं नाही.