सात अक्षरं, दोन साप

शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन "बाई, तार आलीय" म्हणाला, आणि मी ती वाचायच्या आधी अक्षरं मोजली. शिकलेली बाई मी, सांगलीत पोरींना इंग्रजी शिकवते, पण तार हातात आली की अजून असंच होतं. ही खोड मला माझ्या हौसावहिनीनं लावली. तारेतला पहिला शब्द तिचंच नाव होता. पुढचा सीरियस… सात अक्षरी. साताऱ्याकडची सर्व्हिस मोटार वाटेत दोनदा बंद पडली. मी गावी पोचले तोवर वहिनीला अंगणात आणून निजवलं होतं. आळीतल्या बाया पाणी तापवून बसल्या होत्या, पण आंघोळ कुणी घालत नव्हतं. आई जोत्यावर बसली होती. मला बघून ती रडली नाही. म्हणाली, "दादाचं समदं कागद तूच वाचल्यास. आता तूच सांग बाई. हिला हिरवा चुडा भरून न्यायची, का तशीच?"

याला आता दीड महिना झाला. आई असं का विचारत होती ते कळायचं तर लढाईच्या दिवसांपासून सांगायला हवं.

हौसावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. दादा पलटणीत होता. आमच्या गावात घराआड एक गडी पलटणीत, आणि लढाई पेटल्यावर तारा येऊ लागल्या. तारा इंग्रजीत, आणि गावात इंग्रजी येणारं काळं कुत्रं नव्हतं. मास्तर होते, तेही मराठी सातवी झालेले. मी तेव्हा पुण्याला शिकायला. तार म्हणजे माणूस गेला, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. तारवाला सायकलवरून वेशीत शिरला की बाया चुलीतली लाकडं ओढून पाणी मारायच्या. तो ज्या दारात थांबेल तिथं रडणं सुरू. कागद वाचून घ्यायला तालुक्याला माणूस जायचा, पण रडणं काही त्याच्यासाठी खोळंबत नसे.

शेजारच्या शेवंताच्या घरी अशीच तार आली. सासूनं आधी हंबरडा फोडला, मग सुनेचे हात उंबऱ्यावर धरून बांगड्या फोडल्या. दिवेलागणीला माणूस तालुक्याहून कागद वाचून घेऊन आला. शेवंताचा नवरा रजेवर येत होता. चार दिवसांनी तो आला, त्याआधीच कासाराला बोलावून नवा चुडा भरला होता, पण मनगटावरच्या काचेच्या जखमा काही झाकेनात. "ह्ये काय झालं गं?" त्यानं विचारलं. सासू उठून परड्यात गेली. त्या घरात पुढं कितीतरी दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं.

वहिनीच्या जिवाला ते फार लागलं. सुट्टीत मी घरी गेले तर ती वही घेऊन माझ्यासमोर बसली. माहेरी ती मराठी चौथी शिकली होती. म्हणाली, "वन्सं, तारंत येत्यात त्ये शबुद मला लिवून द्या. समदं इंग्रजी नगं. इतकंच सांगा, किती अक्षरं आन् वळखायचा कसा." मी हसले होते. आज त्या हसण्याची लाज वाटते. मग आम्ही वही केली. चार अक्षरी शब्दांचं एक पान, पाच अक्षरींचं एक, असं आठपर्यंत, आणि प्रत्येकापुढं अर्थ. अक्षरांना तिनं आपली नावं दिली, एल म्हणजे कोयता, एस म्हणजे साप. चार अक्षरी सेफ, म्हणजे सुखरूप. पाच अक्षरी लीव्ह, म्हणजे रजा. सहा अक्षरी, मधे दोन कोयते शेजारी शेजारी, तो किल्ड. त्याचा अर्थ तिनं वहीत लिहिलाच नाही, नुसती रेघ ओढली. सात अक्षरी वूंडेड, म्हणजे जखमी. सात अक्षरीच, पण मधोमध दोन साप जोडीनं उभे, तो मिसिंग, म्हणजे सापडत नाही. आठ अक्षरी अरायव्हिंग, म्हणजे येतोय. दुपारच्या वेळी आळीतल्या बाया निवडायला धान्य घेऊन आमच्या सोप्यात जमायच्या आणि वहिनी त्यांच्याकडून हे घोकून घ्यायची. सही करता न येणाऱ्या बाया, पण तारेवर बोट ठेवून मोजायला शिकल्या. अक्षरं मोजल्याशिवाय बांगडीला हात लावायचा नाही, ही तिची ताकीद होती.

सिंगापूर पडल्यावर काही महिन्यांनी तारवाला आमच्या दारात थांबला. मी घरीच होते. आईनं तोंडावर पदर घेतला, आणि वहिनी पिठाच्या हातानं पुढं झाली. "वन्सं, तुमी वाचू नगा. मी बघती." तिचं बोट कागदावरून सरकत गेलं, एका जागी थांबलं, मागं आलं, परत पुढं गेलं… "सात हायती. दोन साप हायती. आत्याबाई, रडू नगा. सापडंना म्हंत्यात, इतकंच." मग ती आत जाऊन उरलेल्या भाकरी करू लागली. मी मागून गेले. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली होती, आणि ती तिच्याकडं बघत बसली होती.

लढाई संपली. कैदेत असलेले एकेक करून परत आले. दादा आला नाही. भावकीतली माणसं म्हणू लागली, आता दिवस घाला, हिचं कुंकू उतरवा. वहिनीचं उत्तर एकच, "तसा कागुद येऊ द्या." मी सांगलीहून अर्ज करत राहिले, म्हणून तो कागद आला माझ्याच पत्त्यावर. मिसिंग, आता मृत धरण्यात येत आहे. सोबत पेन्शनीचा फॉर्म होता. मी दोन्ही ट्रंकेच्या तळाशी घातले आणि गावी कळवलं, शोध चालू आहे. घरात पैशाची ओढाताण होती, त्या पेन्शनीनं हातभार लागला असता, हे मला कळत होतं. पण वहिनीचं कपाळ मोकळं बघायची माझी छाती झाली नाही. माझा भाऊही त्याच कागदावर मरत होता.

पुढं वहिनीला छातीचं दुखणं लागलं. मिरजेच्या दवाखान्यासाठी महिनाभर ती माझ्याकडं राहिली. मी शाळेत गेले की घर आवरायची, कपडे उन्हात घालायची. एका संध्याकाळी म्हणाली, "त्या जाड्या पुस्तकात शबुद कसा हुडकायचा त्ये मला शिकवा." या वयात हिला डिक्शनरी हवी, याचं मला केवढं कौतुक वाटलं. लगेच शिकवलं.

तर त्या दिवशी आई विचारत होती आणि सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी म्हटलं, "तसा कागद आलेला नाही. चुडा भरा." वहिनीचे हात वाळून काटकी झाले होते, लहान मुलीच्या मापाच्या बांगड्या आणाव्या लागल्या. मळवट भरला, ओटी भरली. हिरव्या लुगड्यात ती गेली. मनात म्हटलं, वहिनी, तुला मी शेवटपर्यंत सांभाळलं.

तेराव्यानंतर तिची पेटी उघडली. वही होती. आठ अक्षरींच्या पानावर, अरायव्हिंगच्या खाली, एक शब्द मी न लिहिलेला. तिच्या वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरांत, प्रिझ्यूम्ड. पुढं अर्थ: 'धरलेला. मेला असं धरलेला.' त्याच्या खाली: 'वन्संनी ट्रंकेत लपवून ठेवलंय. त्यांचाबी भाऊच हाय. आपुन कळू द्यायचं न्हाई.'

हे लिहिल्यानंतर दोन वर्षं ती रोज सकाळी कुंकू लावत होती. माझ्याकडं आली की विचारायची, काही कळलं का, आणि मी सांगायचे, अजून नाही. ती मान हलवायची…

आईला वाचता येत नाही, म्हणून इथं लिहिते आहे. गावात कुणी वाचलंच तर तिला सांगू नका, हात जोडते. परवाच तिनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं, दादाचा काही कागद आला का म्हणून. मी कळवलं, शोध चालू आहे. ही दोन वर्षं हे ओझं आम्ही दोघी मिळून उचलत होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. आता एकटीला उचलत नाही.