टाकीचा राखणदार

फिन्टन मलर्न हा आयर्लंडातल्या रॉसकॉमनकडचा, दुधाचा ट्रक चालवून निवृत्त झालेला गडी. आयुष्यात याने राखलं काय म्हणाल, तर घरामागची रॉकेलची टाकी. हिरवी, प्लास्टिकची, हजार लिटरची. त्या तेलावर बॉयलर चालतो आणि घर गरम राहतं. निदान इतरांची तरी राहतात.

तीन गावं पलीकडे कुणाची तरी टाकी चोरांनी उपसली, एवढं कानावर आलं आणि हा कामाला लागला. आधी कुलूप आलं, मग साखळी, मग कॅमेरा. मग भोवती काटेरी झुडपं लावली, त्यांत तेल भरायला आलेल्या माणसाचीच विजार फाटली. शेवटी तेल खुणेखाली गेलं की बोंबलणारा भोंगा आणला. ती खूण या शहाण्याने लावली कुठे? पार वर, भरल्या टाकीच्या काठाशी. बॉयलर जरा चालला की भोंगा सुरू. खूण खाली सरकवावी, हे काही याला सुचलं नाही. याने बॉयलरच बंद केला.

त्याची बायको नुआला नोव्हेंबरपासून घरात कोट घालून वावरत होती. बटाटे सोलताना कोट, टीव्ही बघताना कोट. सोशिक बाई, दुसरी असती तर याला त्याच साखळीने बांधला असता.

जानेवारीत नुआलाचा थोरला भाऊ डोनल गेला. आमच्याकडे प्रेतयात्रेच्या वेळी शेजारी येऊन घर सांभाळतो, कारण पेपरातली निधनवार्ता चोरही वाचतात. शेजारचा टर्लो आपणहून आला, म्हणाला, मी बसतो, तुम्ही दोघं निश्चिंत जा. पण टर्लोच्या घरीही रॉकेलचाच बॉयलर, मग फिन्टनचा त्याच्यावर विश्वास कसा बसावा? त्याचे आभार मानले आणि दार लावून घेतलं.

नुआला फार बोलली नाही. "मला उद्या तू शेजारी उभा हवा आहेस," एवढंच म्हणाली.

"आणि टाकीचं काय?" फिन्टनने विचारलं. लाज कशाशी खातात हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अख्खं गाव लोटलं. जो तो नुआलाचा हात हातात घ्यायचा आणि फिन्टन कुठे आहे म्हणून विचारायचा. तिने पाच-सहा जणांना बरं नाही म्हणून सांगितलं, पुढे तेही सांगवेना. शवपेटीला सहा खांदे लागतात. मेव्हण्याची जागा रिकामी राहिली, तेव्हा टर्लो मुकाट्याने पुढे झाला. आणि आमचा वीर? तो हर्लिंगची, म्हणजे आमच्याकडच्या हॉकीसारख्या खेळाची, काठी मांडीवर घेऊन टाकीसमोर खुर्ची टाकून बसला होता. दिवसभरात तिकडे फिरकलं कोण, तर एक मांजर.

दुपारी टर्लोने नुआलाला दारात सोडलं. ती सरळ आत गेली आणि तिने बॉयलरचं बटण दाबलं. थोड्या वेळाने भोंगा बोंबलला. फिन्टन काठी परजत टाकीभोवती दोनदा धावला, हातपाय ओरबाडून घेतले, मग धापा टाकत स्वयंपाकघरात आला. नुआला रेडिएटरला पाठ टेकून बसली होती.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"डोनलला टर्लोने खांदा दिला," ती म्हणाली. "तुझ्या जागेवर. मी बघत होते."

फिन्टन म्हणाला, अगं, पण कुणीतरी राखायला नको का?

"राख की. जिवापाड राख. तुझी वेळ आली की त्या टाकीलाच सांग खांदा द्यायला. मी येणार नाही. घर सांभाळायला कुणीतरी लागेलच ना."

आवाज चढला नाही, डोळे पुसले नाहीत. बाहेर भोंगा ओरडतच होता. फिन्टन किल्ल्यांचा जुडगा धरून दारात उभा राहिला, आत यावं की बाहेर जावं हे त्याला कळेना. नुआलाने कोटाची बटणं एकेक करून सोडली, कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीवर टाकला.