नुसते ओठ हलव

"तू नुसते ओठ हलव. आवाज काढू नको."

चौथीत होते मी. मंडणगडला समूहगीताची स्पर्धा होती आणि शाळेच्या पडवीत आमची तालीम चालली होती. गुरुजींनी पेटी थांबवली, माझ्याकडे बोट केलं आणि हे बोलले. मग म्हणाले, "खाणीवर हाका मारायचा आवाज आहे तुझा. गाण्याला चालत नाही."

पोरं हसली. खोतांची नात पुढच्या रांगेत होती, ती वळून वळून हसली. मग मला काढून का नाही टाकलं? कारण स्पर्धेला अकरा जण लागत होते. मोजायला माझं डोकं चाललं. आवाज चालला नाही.

खाणीचं ते खरंच होतं. आई चिऱ्याच्या खाणीवर कामाला. मशीन जांभा कापायचं आणि कापलेले चिरे आई डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायची. वडील मुंबईला कुठल्याशा गोदामात, मे महिन्यात दिसायचे. घरात लाल धूळ. भातात, अंथरुणात, धाकट्या भावाच्या नाकात. सुट्टीच्या दिवशी मी भावाला कडेवर घेऊन खाणीच्या काठावर बसायचे. तो रडायला लागला की आईला हाक मारायचे. मशीनच्या वर जाईल अशी हाक. एवढ्या गोंगाटात आई मान वर करायची ती माझ्याच आवाजाला. तो आवाज मी असा कमावला होता. कुठल्या क्लासात नाही.

स्पर्धेला आई आली. कामाचा खाडा करून, चालत. मागे खुर्च्या रिकाम्या होत्या, पण बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली. मी ओठ हलवले. नीट हलवले, कुणाला शंका येणार नाही असे. आमचा दुसरा नंबर आला.

परत येताना आई म्हणाली, "मला तुजा आवाज नाय आला गो."

"सगळ्यांचा मिळून एकच होतो, आई."

ती पुढे होऊन चालू लागली. घर येईपर्यंत पुढेच.

त्यानंतर शाळेत मी गायले नाही. गायले ते विहारात. तिथे एक जुनी पेटी होती, दोन पट्ट्या मुक्या झालेली. वाडीतले तात्या एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊन गावी आलेले. त्यांनी माझी बोटं त्या पेटीवर बसवली. आवाज कमी कर, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणायचे, "आवाज हाय तर सोड. कुटं सोडायचा ता मी सांगतो."

तेवढ्यावर मी संगीताच्या परीक्षा दिल्या. रत्नागिरीला कॉलेज केलं, बीए झाले. आमच्या घरातली पहिली पदवी. हे मी मान खाली घालून सांगत नाही. कुणी दिलेली नाही ती. घेतलेली आहे.

नोकरी लागली शहरातल्या एका खाजगी शाळेत. संगीत शिक्षिका, पहिली ते पाचवी. करारावर, दर एप्रिलला नवा कागद. मांडवीला खोली घेतली आणि भावाला आयटीआयसाठी आणलं. आम्हा दोघांचं सगळं त्या कागदावर.

काम मला आवडलं. पहिलीला मी गाणं शिकवतच नाही. टाळी शिकवते, आणि टाळीनंतर गप्प राहायला शिकवते. ते जास्त अवघड. दुसरीला श्वास. कागदाची पट्टी तोंडासमोर धरायची आणि एका फुंकरीत ती किती वेळ उडती राहते ते बघायचं. तिसरीत सा लागतो. कुणाला एका दिवसात, कुणाला दिवाळीपर्यंत. चौथीला बोटांवर दादरा. पाचवीला दोन गट करून दोन वेगळ्या ओळी एकदम. पोरं वर्षभरात कुठून कुठे जातात ते मी बघितलंय. गाता न येणारं मूल मला अजून भेटलेलं नाही.

शाळेत एक शब्द होता. 'पंचवीस टक्के.' कायद्याने खाजगी शाळेत गरिबांच्या मुलांना पंचवीस टक्के जागा ठेवाव्या लागतात, त्यातून आलेली मुलं. स्टाफरूममध्ये चहा पिता पिता म्हणायचे, "तुमच्या वर्गात पंचवीस टक्के किती?" पोरांना नावं होती. ती वापरत नसत.

तिसरीतली तन्वी त्यातलीच. आई मांडवीला मासे विकायची. तन्वीचा आवाज मोकळा. सा म्हटला की खिडकीबाहेर जायचा.

गॅदरिंगच्या स्वागतगीताची तालीम बघायला संस्थेचे सचिव आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. खुर्ची मागवून बसले. गाणं संपल्यावर मला बाजूला बोलावलं.

"टीचर, मागच्या रांगेतली ती मुलगी कोण?"

"तन्वी. मांडवीची आहे."

"पंचवीस टक्के?"

मी हातातली वही मिटली.

"मग बरोबर. मासळीच्या लिलावाचा आवाज हो तो. पाहुणे यायचेत, व्हिडिओ व्हायचाय. तिला सांगा, नुसते ओठ हलव. काढून टाकू नका हां. रांग भरलेली दिसायला हवी."

अठरा वर्षांनी तेच वाक्य. शब्द न् शब्द. यांना ते कुणी शिकवत नसावं, तोंडातच तयार असतं.

आणि मी काय केलं? मी तन्वीला सांगितलं. जवळ घेऊन, बाळा म्हणून. गुरुजींनी निदान उघड हिणवलं होतं. मी गोड बोलले.

तन्वी म्हणाली, "टीचर, पण मी आईला सांगितलंय, माझा आवाज ओळख म्हणून."

"सगळ्यांचा मिळून एकच होतो," मी म्हणाले.

माझ्याच तोंडून.

शनिवारी गावी गेले. आई आता घरीच असते. मशीनने तिचे कान नेले. बोललं की ती तोंडाकडे बघते, जवळून ओरडलं तर थोडं कळतं. अंगणात ती कुळीथ पाखडत होती. मी समोर बसले.

"आई, त्या स्पर्धेत मी गायलेच नव्हते."

"आं?"

पुन्हा सांगितलं. पुन्हा "आं?" शेवटी मी ओरडले, खाणीच्या काठावरून ओरडायचे तशी. जी गोष्ट अठरा वर्षं कुणाला सांगितली नव्हती ती वाडीभर गेली. शेजारची काकी दारात आली.

आई सूप हलवत राहिली. म्हणाली, "म्हायती हाय मला. मी काय बगायला आलेली? ऐकायला आलेली."

मग मी तन्वीचं सांगितलं. तेही ओरडूनच. दुसरी वाट नव्हती. मी काय केलं ते माझ्याच आवाजात मला ऐकावं लागलं.

आईने सूप खाली ठेवलं. "तुला गुरुजीनं सांगितलान तवा तू चौथीत व्हतीस," ती म्हणाली. "आता कितवीत हायस?"

काकी हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी पहिल्या तासाला तिसरीत गेले. सगळ्या वर्गासमोर तन्वीला म्हणाले, "मी तुला चुकीचं सांगितलं. तू गायचंस." तिने मान हलवली. विश्वास बसलेला दिसला नाही. का बसावा?

मग अण्णांच्या खोलीत.

"तन्वी गाणार. पुढच्या रांगेत घेतलंय तिला."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "टीचर, तुम्हाला आम्ही घेतलं, हे विसरू नका."

"जागा रिकामी होती आणि माझ्याकडे पदवी होती. उपकार कुणी केला?"

"एप्रिल काही लांब नाही."

"ठाऊक आहे."

राहिलेल्या दिवसांत मी एकच गोष्ट केली. बाकीच्यांना गायला लावलं. तोवर ती सगळी कुजबुजत होती, घरी गप्प बसायची सवय लावलेली गुणी पोरं. म्हणून एकटी तन्वी मोठी वाटत होती. दोष तिच्या गळ्यात नव्हता. उरलेल्यांच्या भीतीत होता. गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने वर नेली, तोंडं उघडायला लावली. चार दिवसांत तिचा आवाज त्यांच्यात मिसळला, त्यांचा तिच्यात.

गॅदरिंगला ती गायली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, पाहुणे वाजवतात तशा. तन्वीची आई मागे दारात उभी होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी उभी.

एप्रिलमध्ये मला कागद आला नाही.

जून ते ऑगस्ट घरी बसले. भावाने आयटीआय सांभाळून गॅरेजमध्ये काम धरलं. आता मी पालीकडच्या एका शाळेत आहे. मुलाखतीत विचारलं, काही अट आहे का? म्हटलं, एक आहे. कुठल्या मुलाने गायचं नाही, हे मला कुणी सांगायचं नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. जागा रिकामी होती, घेतलं. उद्या तेही सांगतील कदाचित. तेव्हा मी हेच उत्तर देईन, आणि पुढची शाळा शोधीन.

आईला माझं गाणं आता ऐकू येणार नाही. मला स्टेजवर ऐकायची संधी तिला एकदाच होती आणि ती गुरुजींनी घेतली. मी त्यांना माफ केलेलं नाही. करायचंही नाही.

पहिली ते पाचवी, पाच वर्ग आहेत माझ्याकडे. एकाही वर्गात कुणी नुसते ओठ हलवत नाही.