आम्हाला घाई आहे, असं मी कोऱ्हाळ्यात म्हणाले

वन्संना पक्षी बघायचे होते आणि मला नाच शोधायचा होता. दोन्ही एकाच रस्त्यावर मिळत असतील तर बिघडलं कुठं, म्हणून माझ्या थोरल्या नणंदबाई आणि मी जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे त्यांच्या स्कूटरवर हडपसरहून निघालो. गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. स्नेहसंमेलनाला तीन आठवडे उरलेले आणि मोठ्या बाईंनी बजावलेलं, यंदा सिनेमाची गाणी नकोत. मातीतलं काही आणा, नाहीतर नाचच रद्द. सातवीच्या बारा मुली रोज मधल्या सुट्टीत दारात येऊन ‘बाई, ठरलं का?’ म्हणून विचारायच्या. त्यांना तोंड दाखवायची मला चोरी झाली होती.

सोलापूर रस्त्यावर एकच सांगणं आहे: उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे मागे जाऊ नका, त्यांना मागचा दिवा असेलच असं नाही. आठाच्या सुमाराला भिगवण आलं. तिथून इंदापूरच्या बाजूला उजनीचं पाणी पसरलंय. एका कोळ्याच्या होडीतून आत गेलो, तर समोर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांगच्या रांग. एरवी वन्संचं तोंड मिनिटभर बंद नसतं, त्या अर्धा तास नुसते पक्षी मोजत बसल्या. मी मात्र, खरं सांगते, पक्ष्यांच्या पायांकडेच बघत होते. चिखल उकरताना ते जागच्या जागी ताल धरतात.

दुपारी खानावळीत पंचवीस रुपयांत चिलापी मासा आणि हव्या तेवढ्या भाकऱ्या मिळाल्या. वाढणाऱ्या बाईंना मी नाचाचं विचारलं. त्यांचं माहेर कोऱ्हाळे बुद्रुक. पूर्वी घरात मेंढरं होती, आता ऊस आहे. मेंढरं विकली तरी धनगरांचा गजीचा नाच सोडला नाही, त्यांचे वडील, तात्या, अजून दर रविवारी बिरोबाच्या देवळापुढं ढोल धरतात, असं त्या अभिमानाने सांगत होत्या. मला पोचायची इतकी घाई झाली की भात तसाच टाकून उठले.

रात्रीपुरतं बारामतीत एसटी स्टँडजवळच्या लॉजवर राहिलो. चादरी स्वच्छ, पाणी बादलीभर. रविवारी पणदऱ्यात ताजं ताक पिऊन दुपारी कोऱ्हाळ्यात पोचलो. देवळापुढं पंधराएक पुरुष, हातांत रंगीत रुमाल. त्यांच्यात एक एसटीचे कंडक्टर, एक मास्तर, दोघे कारखान्यात कामाला. मधोमध तात्या; सत्तरीचे, काटक, ढोलाचा पट्टा गळ्यात.

त्यांनी चहा दिला, पाट दिला आणि नकारही दिला. हा नाच देवापुढचा आहे, स्टेजवरचा नाही. आणि वहीत लिहून घेऊन शिकायचा तर नाहीच नाही. बायका यात नाचत नाहीत, हे त्यांनी सांगितलं नाही, ते दिसतच होतं. बारा मुलींचे चेहरे डोळ्यांपुढं आले आणि माझा पारा चढला. मी उठले. म्हटलं, "असू द्या तात्या. आम्हाला घाई आहे."

म्हणायचं होतं ते एवढंच, की उजेड आहे तोवर सासवडचा दिवे घाट उतरायचाय. पण तात्यांचा चेहरा एकदम उजळला.

"तुमच्याकडं घाई हाय? मंग आदी न्हाय का सांगायचं? दावा की."

मला वाटलं, टोमणा मारतायत. कंडक्टर पुढं होऊन म्हणाले, की गजीत पावलांच्या प्रत्येक प्रकाराला घाईच म्हणतात. घोडी घाई, थोरली घाई, अशा कितीतरी. म्हणजे मी त्यांच्यापुढं ‘आमचाही एक नाच आहे’ असं छातीठोक सांगून बसले होते. खुलासा करता आला असता. वन्सं डोळ्यांनी तेच सांगत होत्या. मी चपला काढल्या.

माझ्याकडं होता तो लहानपणचा पंचमीचा फेर, तोही वीस वर्षांपूर्वीचा. पदर खोचला आणि एकटीनेच धरला. तात्यांचा हात क्षणभर थांबला, मग ढोल माझ्या पावलांमागे आला. मग त्यांनी चाल वाढवली आणि मी सपशेल चुकले. कुणी हसलं नाही.

"ही घाई न्हाय," तात्या म्हणाले. "पन पाय खरा हाय. या वळीत."

एक म्हातारबाबा कुरकुरले, बाई वळीत कशी. तात्यांनी ढोलावरची नजर काढली नाही. "देवाम्होरं पाय वाजला, मंग त्यो कुणाचा हाय ते कशाला बघायचं?"

ओळ सरकली आणि माझ्यापुरती जागा झाली. दिवस कलेपर्यंत मी दोन घाया शिकले, वन्संनी पावलांची चित्रं वहीत काढली आणि ती तात्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांची अट एकच: मुली स्टेजवर नाचणार नाहीत, मातीत अनवाणी नाचतील. आनंदाने ऊर इतका भरून आला होता की नीरा, जेजुरी, सासवड कधी मागे पडलं ते कळलंच नाही. घाट अंधारातच उतरलो.

संमेलनाला सजवलेलं स्टेज रिकामं राहिलं आणि बारा मुलींनी मैदान गाजवलं. मोठ्या बाई खुर्चीवर उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, मिळवायचं ते मिळालं.

मग मार्चमध्ये शाळेच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड आलं. अक्षर कंडक्टरांचं, बोलणं तात्यांचं: "आमच्याबी चार पोरी आता वळीत उभ्या ऱ्हात्यात. थोरली घाई चुकत्यात. तुमच्या पोरींना घिऊन या, म्हंजी शिकतील."

ते मी सातवीच्या वर्गात उभ्याने वाचलं आणि तिथंच रडले. काय झालं, असं मुलींनी विचारलं. म्हटलं, आपण जिंकलो. स्पर्धा कसलीच नव्हती, तरी बाराजणींनी टाळ्या वाजवल्या.