शेजारची लूम

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान चिंतामण, घरात कुजबुजले तरी शेजारची सून दार उघडून बघते. इंदूरच्या मिलमध्ये लूमखात्यात उमर घालवलेला माणूस; कान तिथेच ठेवून आला. त्या खडखडाटात तोंडाचा उपयोग नसे, म्हणून बोलणं हातांनी. कुणी छातीवर थाप मारून आपल्या लूमकडे बोट दाखवलं की अर्थ, माझी बघ, मी जाऊन येतो. शेजाऱ्यानं लगेच हात दाराकडे उडवायचा, जा. नाही म्हणायची रीतच नव्हती.

भाऊजींच्या शेजारची लूम लक्ष्मीकांतची. मिल बंद पडली आणि वर्षभर वाट बघून त्यानं सुरतेचं ठरवलं. तिथे पॉवरलूमवर काम होतं. बायको अंबिका आणि पोरं इथेच राहणार होती. भाऊजींचं जेवण गेलं. "दिवाळीनंतर मिल उघडते," असं ते ताईला, मला, दूधवाल्याला सांगत सुटले. ज्याला सांगायचं त्यालाच सांगेनात.

दसऱ्यानंतर लूमखात्याची मंडळी महूपलीकडच्या डोंगरात तंबू टाकायची आणि दुसऱ्या दिवशी वरची तिन्ही तळी चालून यायची. पूर्वी ट्रक भरून जात. यंदा भाऊजी, लक्ष्मीकांत आणि मी असे तिघंच, त्यात मी स्टोव्ह उचलायला. सकाळी तंबूतून निघताना भाऊजींनी मला बजावलं, "आज त्याला थांबवतोच. तू बीच में बोलू नको, भिया."

पहिल्या तळ्यावर ते डब्यातल्या बाफल्यांविषयी बोलले. दुसऱ्यावर बाफले खाल्ले आणि तुपाला नावं ठेवली. मला अशी चीड आली की मीच तोंड उघडणार होतो, पण भाऊजींनी बजावलेलं.

तिसऱ्या तळ्याच्या चढावर भाऊजींना धाप लागली. कापसाची धूळ ती, डॉक्टर काहीही म्हणोत. कसेबसे काठापर्यंत आले आणि दगडावर बसले. लक्ष्मीकांत एव्हाना पलीकडच्या काठाला पोचला होता. भाऊजींनी हाक मारली, पण दम पुरेना. मग मी ओरडलो. त्याचेही कान मिलमध्येच राहिलेले. मधे तळं, आणि आम्ही नुसते बघत बसलेलो.

शेवटी तो आपणहून वळला. भाऊजी धडपडत उठले. थांब म्हणायला हात वर करणार, तोच लक्ष्मीकांतनं छातीवर थाप मारली आणि खाली, इंदूरच्या दिशेनं बोट दाखवलं. माझं बघ.

भाऊजींचा हात उडाला. लगेच, सवयीनं. जा.

पलीकडे लक्ष्मीकांत मोकळा झाल्यासारखा हसला आणि परतीच्या वाटेला लागला. भाऊजी आपल्या हाताकडे बघत उभे राहिले.

"मीच त्याला जा म्हटलं यार," ते म्हणाले.

इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.