गिटारीची घोडी

रविवारची उपासना आटोपली आहे, जेवणात मटणाचा रस्सा अंमळ जास्तच झाला आहे, आणि सुहासिनीबाई लोंढे "जरा पाठ टेकते" म्हणून आडव्या झाल्या आहेत. पाठ टेकणारी माणसं चहापर्यंत उठत नाहीत, हे साऱ्या मिरजेला ठाऊक आहे. शेजारी, नवऱ्याच्या जागेवर, त्याची लाल इलेक्ट्रिक गिटार निजली आहे. रूबेन गेल्यापासून ती मुकीच आहे.

चहा झाला की लेक रोझी पुण्याला परत निघणार, आणि गिटार तिच्या गाडीतून जाणार. तिथल्या कारागिरानं फोटो बघून सांगितलं आहे, "तारा टेकतात ती घोडी मूळची नाही. ती फेकून देऊ, वायरी बदलू. नव्यासारखी वाजेल." तेव्हापासून बाईंच्या घशात ते 'नव्यासारखी' अडकून बसलं आहे. त्यांना नवं नको आहे. रूबेन वाजवायचा तोच आवाज एकदा, फक्त एकदा ऐकायचा आहे. पण गावात दुरुस्त करणारा मिळेना. टीव्हीवाल्यानं हौसेनं प्लग लावला आणि स्वतःच शॉक खाऊन बसला.

डोळ्यांवर झापड येते. पंख्याची घरघर लांब जाते.

"सरक की जरा."

पलंगाच्या कडेला रूबेन बसला आहे. अंगात बँडचा चमचमता कोट.

"अहो, तुम्ही तर गेलात ना?"

"गेलोय की. म्हणून यायचं न्हाई व्हय?"

बाईंना भीती वाटत नाही. आनंदानं ऊर भरून येतो, आणि आनंद झाला की त्या भांडतात. "कोटाला इस्त्री कोण करतं तिकडं?"

"तिकडं सुरकुतीच पडत न्हाई."

"मजा आहे तुमची! इकडं मी तुमच्या गिटारीपायी गाव पालथं घातलं."

"गाव पालथं घातलंस आणि गल्ली ऱ्हायली. चल, सुहास."

बाई चपलेसाठी पाय खाली सोडतात, तो ते हॉस्पिटलच्या थंडगार फरशीवर पडतात. हा त्यांचाच वॉर्ड, जन्मभर इथंच नर्स होत्या. पण खाटांवर पेशंट नाहीत. चादरी गळ्यापर्यंत ओढून तंबोरे झोपले आहेत. सलाईनच्या जागी भोपळे टांगलेले. सवयीनं बाई एकाची चादर नीट करतात. वॉर्डाच्या टोकाला सतारमेकर गल्लीतलं एक दुकान आहे, हिरव्या दाराचं, आणि आत सतारी-तंबोरे बनवणारे इलियासभाई कानशीनं हाडाचा तुकडा घासत आहेत. त्यांनाही जाऊन बरीच वर्षं झाली.

"या भाभी. हा घोटाळा माझाच."

"कसला घोटाळा?"

"तुमच्या लग्नाआधी रूबेन ही गिटार घेऊन आला. म्हणाला, लोखंडी घोडी मोडलीय, दुसरी बसवा. मी तार छेडली, तर आवाज कोरडा ठणठणीत! मला वाटलं, बिचारीची जवारी गेली. तंबोरा कसा गुंजत ऱ्हातो, तसं व्हायला पायजे. मग हाडाची घोडी केली, आणि घासून घासून झकास जवारी काढली."

"इलेक्ट्रिक गिटारीची?"

"आमच्या घरात तार दिसली की जवारीच काढतात!"

रूबेन खो खो हसतो. "मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी सांगलीत लग्न, आणि गिटार गुंजतीय तंबोऱ्यागत! दुसरी न्हवती, तीच वाजवली. माणसं येडी झाली. नवरीची एक मैत्रीण तर हातातली फुलं टाकून बघत उभी ऱ्हायली."

ती मैत्रीण म्हणजे सुहासिनीबाईच. त्यांच्या गालावर या वयात लाली चढते.

"म्हणजे मी भाळले ती तुमच्यावर न्हाई, ह्यांच्या घोडीवर?"

"तसंच म्हण."

बाई हसता हसता रडतात. "आणि तीच फेकायला निघाले होते मी! पण आता करणार कोण? तुम्ही दोघंही हे असे."

"माझी सून हाय की, झुलेखा," इलियासभाई म्हणतात. "दुकानात तीच बसते. वायरी माझा पोरगा जोडतो. फक्त म्हणावं, घोडीला हात लावू नका." ते घासलेल्या हाडावर जोरात फुंकर मारतात, आणि भुकटी उडते.

रूबेन तार छेडतो. तोच आवाज! एकेक तंबोरा चादरीतून उठून त्याला साथ देऊ लागतो, भोपळे डुलतात, आणि बाई ऐन वॉर्डात पदर खोचून नाचतात. मेट्रनबाईंनी बघितलं असतं तर नोकरीच गेली असती.

"थांबा की अजून जरा."

"मी कुठं जातोय? तू चहाला ऊठ."

"मम्मी, ऊठ गं. चहा झालाय." रोझी दारात उभी आहे. "गिटार डिकीत ठेवू?"

"खबरदार!" बाई ताडकन उठतात. "पुण्याला न्हाई न्यायची. सतारमेकर गल्लीत चल. इलियासभाईंच्या सुनेकडं, झुलेखाकडं. हिरवं दार."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या पप्पांनी."

रोझी काही बोलणार, तेवढ्यात तिची नजर आईच्या खांद्यावर जाते. "हे काय सांडलंय? पीठ?"

बाईंच्या गर्द निळ्या साडीवर, खांद्यापासून पदरापर्यंत, पांढरी भुकटी पसरली आहे. त्या चिमूटभर घेऊन बोटांत चोळतात. पीठ नाही. किंचित खरखरीत आहे. रोझी झटकायला हात पुढं करते, तो त्या धरतात.

"असू दे," म्हणतात, आणि तशाच, भुकटीसकट, गिटार उचलून चपला घालतात.